“राजपुत्रांच्या मागे धावणाऱ्या पोरी” या कमेंटला उत्तर

ताई, इतकी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं पण मुद्दे तसे नाहीयेत, म्हणून सविस्तरच लिहिते. तुमचं म्हणणं असं की आजची शिकलेली, कमावती मुलगी तीनशे वर्षं मागे नेऊन टाकायची आणि घरात आधीच बायका असलेल्या राजपुत्राच्या प्रेमात पाडायची हे बुरसटलेलं आहे, वर त्यात इतिहासाची मोडतोड होते, आणि मुलींना खऱ्या जगापासून पळायची सवय लागते.

पहिल्या मुद्द्याला साजेशा सिरियल ढिगाने आहेत आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण मी लिहिलं होतं ते ‘बु बु जिंग शिन’ या चिनी गोष्टीबद्दल. तोंग हुआची कादंबरी, 2005 पासून जिनजियांग या ऑनलाइन कादंबऱ्यांच्या साइटवर क्रमशः आलेली, आणि 2011 ची 35 भागांची सिरियल, लिउ शिशी आणि निकी वू या कलाकारांची. शेन्झेनला नोकरी करणारी झांग शियाओ अपघातानंतर डोळे उघडते ती तीनशे वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये, कांगशी बादशहाच्या काळात, रुओशी नावाच्या मुलीच्या शरीरात. रुओशीची सख्खी बहीण आठव्या राजपुत्राची दुय्यम बायको, मन दुसरीकडेच राहिलेलं, दिवसभर पूजापाठात. म्हणजे अनेक बायकांतली एक होणं काय असतं ते नायिकेला प्रेमात पडायच्या आधीच घरात रोज दिसतंय, आणि सिरियल ते कुठेही सजवून दाखवत नाही.

आता इतिहास. 2011 च्याच एप्रिलमध्ये चीनच्या सरकारी प्रसारण खात्यानेसुद्धा टाइम ट्रॅव्हलवाल्या सिरियल गंभीर इतिहास उथळपणे हाताळतात अशी टीका केली होती, आणि तेव्हापासून तिकडचे मेकर्स आडवळणाने जातात. ‘मिंगलान’च्या कादंबरीतली नायिका आजच्या काळातून आलेली आहे, 2018 च्या सिरियलमध्ये तो धागाच काढून टाकलाय. 2019 च्या ‘जॉय ऑफ लाइफ’मध्ये सगळी गोष्ट एका विद्यार्थ्याने लिहिलेली कादंबरी म्हणून येते, म्हणजे टाइम ट्रॅव्हल खरोखर घडतच नाही. पण खरं सांगू का, ‘बु बु’वर हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, कारण तिथे निकाल बदलतच नाही. 1722 मध्ये कांगशी जातो, चौथा मुलगा योंगझेंग म्हणून गादीवर बसतो, आठव्या-नवव्या भावांची नावंसुद्धा काढून घेतली जातात आणि दोघं कैदेत मरतात, हे सगळं इतिहासात आहे तसंच. आणि रुओशीला ते आधीपासून माहितीये! मला ही सिरियल सोडवत नाही ती यासाठी. पानिपतावरचं काहीही वाचताना 14 जानेवारी 1761 ला काय होणार हे आपल्याला माहिती असतं, तरी प्रत्येक पानाला वाटतं की आता तरी कुणीतरी सांगा रे भाऊंना. रुओशी तर तिथेच उभी आहे, बादशहाला चहा नेऊन देतेय, तोंड उघडायचं ठरवलं तर उघडू शकते.

आणि ती उघडते. आठव्या राजपुत्राला आधी विनवते की गादीचा नाद सोड, तो सोडत नाही, तेव्हा त्याच्यापासून दूर होताना सांगते की चौथ्यापासून जपून राहा. जीव वाचावा म्हणून सांगते हो! तो त्यावरून चौथ्याविरुद्ध डाव टाकतो, त्यात तेरावा, जो हिचा सगळ्यात जिवाभावाचा मित्र, सगळा दोष स्वतःवर घेऊन दहा वर्षं कोंडला जातो, आणि चौथ्याच्या मनात जो राग बसतो तो पुढे आठव्याच्याच मुळावर येतो. म्हणजे जे टाळायला गेली ते हिच्याच शब्दाने घडलं. हे तिला फार उशिरा कळतं, आणि त्या प्रसंगात लिउ शिशीने जे काम केलंय त्याला तोड नाही.

शिवाय तिला राजपुत्रांचं काय होणार तेवढंच माहितीये, कारण पुस्तकांत तेच असतात. स्वतःचं काय होणार, सोबतच्या दासीचं, युतानचं काय होणार, हे कुठेच लिहिलेलं नाही, दासींचा इतिहास कोण लिहितो? युतानचा शेवट मी इथे सांगत नाही, पण तो बघितल्यावर राजवाडा हे स्वप्न आहे असं कुणी म्हणणार नाही. चौदाव्याशी लग्न लावायचा बादशहाचा हुकूम रुओशी मोडते म्हणून मार खाते आणि मग वर्षानुवर्षं धुणीघरात कपडे धुते. राजपुत्राच्या मागे धावणारी बाई हुकूम मोडून धुणं धुवायला जाईल का, सांगा तुम्ही.

त्यामुळे पळवाट म्हणाल तर मला पटत नाही. आजचं डोकं आणि आजचे हक्क घेऊन गेलेली मुलगी तिथे गुडघे टेकायला शिकते आणि कधीतरी ते तिच्या अंगवळणी पडतं, हे बघताना मी तरी खऱ्या जगापासून लांब गेले नाही, उलट आपण रोज कशाकशाला मान तुकवतो तेच आठवत राहिलं.

बघायची ठरवलीत तर कोरियन रिमेकपासून सुरू करू नका, 2016 चा तो कोरियाच्या जुन्या गोर्यो राजवटीच्या काळात नेलाय आणि त्याचा बाज वेगळा आहे. मूळ सिरियलचे पहिले काही भाग हसतखेळत जातात, तिथेच कंटाळून सोडू नका, निदान धुणीघरापर्यंत या आणि मग हवं तेवढं भांडा, मी आहेच.