अट माझी नाही, वाट ख्रिस्ताची आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

बंधू, सप्रेम सलाम.

'ख्रिस्ताने वधस्तंभावरून विनाअट क्षमा केली, तुम्ही मात्र वकिलासारख्या अटी घालता,' असं आपण माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. राग सोडावा, पण समेटाआधी अपराधाची कबुली आणि भरपाई व्हावी, असं मी त्यात म्हटलं होतं. मतभेद समजू शकतो, पण 'वकील' कशाला? मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भांडणं मिटवायला बावीस वर्षं बसणाऱ्याला हा शब्द लागतो. तो चारचौघांत लिहिण्याआधी मला एकट्याला कळवता आला असता. एक चूक मान्य: बायबलच्या दाखल्यात लूक 17:3 च्या जागी 17:13 पडलं होतं, दुरुस्त केलं आहे.

वधस्तंभावर प्रभूने बापाजवळ प्रार्थना केली आणि कारणही सांगितलं: ते काय करतात हे त्यांना समजत नाही. गडगा दोन हात सरकवून शेजारच्या विश्वासणाऱ्याची हापूसची कलमं आपल्या बागेत घेणाऱ्याला मात्र सगळं समजत असतं. त्याच्यावरचा राग प्रार्थनेला उभे असतानाच सोडायचा, मार्क 11:25 तेच सांगतं. त्याला अट नाही, मी घातलीही नव्हती. समेट वेगळा. त्याची वाट मत्तय 18:15 ते 17 मध्ये आहे.

आधी एकट्याने जायचं. व्हॉट्सअॅपवर नव्हे, त्याच्या खळ्यात, समोरासमोर. एकच अपराध काढायचा. वडिलांच्या वेळची वाटणी, लग्नातला मानापमान मध्ये आणलात की समोरचा त्यावरच भांडत बसतो आणि गडगा राहतो बाजूला. नाहीच ऐकलं तर एक-दोघांना सोबत न्यायचं; आपले मेहुणे नकोत, हद्दीची जुनी खूण माहीत असलेले हवेत. मंडळी त्यानंतर. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: आधी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) कानावर, मग प्रार्थनासभेत 'अमक्या बंधूसाठी प्रार्थना करा'. ही चहाडीच. एकदा अब्रू गेली की तो माणूस अपराध कबूल करायला येत नाही, अब्रू सांभाळत बसतो.

आणि भरपाई. जक्कय या जकातदाराने, कोणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत देईन म्हटलं. तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, असं प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलं. हीसुद्धा वकिलीच का?

'सातांच्या सत्तर वेळा' क्षमा करा, हा आपला दाखला खरा आहे, पण तो मत्तय 18 मध्येच, वरच्या पायऱ्यांनंतर येतो. 'बहिष्कार शिकवता' हा आपला आरोपही चूक. न ऐकणाऱ्याला जकातदारासारखं (लोक ज्याला पापी समजून दूर ठेवत) माना, असं तिथे आहे, आणि प्रभूचा शिष्य मत्तय स्वतः जकातदार होता. प्रभू त्याच्या घरी जेवला.

लेखाची लांबी आणि माझं शिक्षण यांवरच्या आपल्या शेऱ्यांबद्दल मी बोलणार नाही. पुढच्या वेळी टोपणनाव नको, आपल्या नावाने लिहा.