गुडघे दुखले, मग मन कसलं शांत होणार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, सस्नेह नमस्कार.

नाच आणि मन यांवरच्या आमच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: ‘नाचल्याने मन हलकं होतं हे लिहायला सोपं आहे. माझी बासष्ट वर्षांची आई सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौर खेळली आणि दोन दिवस गुडघे धरून बसली. नैराश्याला गोळ्या लागतात, ठुमके नाहीत. नाचून मनःशांती मिळत असती तर डीजेपुढची पोरं एव्हाना साधू झाली असती. आता आईला घुंगरूही घेऊन देऊ का?’

साधूंची उपमा सिंहस्थाच्या गावात, नाशकात, शोभून दिसते. घुंगरांचं शेवटी बघू.

आधी गुडघे. काय खेळावं ते लेखात लिहिलं, काय टाळावं ते लिहिलं नाही, ही चूक आमची. फुगडीत दोघींचे चवडे जवळ, हात तिढ्याने धरलेले, कोपरं ताठ आणि अंगाचा भार मागे. पावलं बारीक, भराभर टाकत फिरायचं असतं. वेग वाढला किंवा दमायला झालं की पाऊल उचलायचं राहतं. धड फिरतं, तळवा जागच्या जागी, आणि मधला पीळ गुडघा खातो. गुडघा म्हणजे बिजागरी; वाकणं आणि सरळ होणं हे त्याचं काम, पीळ त्याला फारसा सोसत नाही. गच्चीचा खरखरीत कोबा किंवा पायाला चिकटणारी योगा मॅट असेल तर हे हमखास होतं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर खेळलं तर उलटा प्रकार, पाय सटकतो. अनवाणी पाय आणि कोरडी साधी फरशी, हे सगळ्यात बरं. बसफुगडी, कोंबडा हे उकिडवं बसून उड्या मारायचे खेळ; जिना उतरताना ज्यांची वाटी दुखते त्यांनी ते खुशाल सोडावेत. झिम्मा आहे की.

आणि खरं कारण बहुधा त्याहून साधं आहे. अकरा महिने काही नाही आणि श्रावणातल्या एका मंगळवारी एकदम रात्री दीडपर्यंत जागरण. आषाढ लागला की आठवड्यातून तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं सुरू करायचं, म्हणजे मांड्यांचे स्नायू तयार होतात आणि गुडघ्यावरचा भार ते उचलतात. वेग किती ठेवायचा याचं मापही खेळातच आहे. मंगळागौरीत खेळणाऱ्याच गातात. गाण्याची ओळ मध्येच तुटायला लागली की वेग जास्त झालाय.

मग त्याच रात्री का दुखलं नाही? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सगळ्यांनी मिळून एकाच ठेक्यावर नाचल्यावर वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते. दमवणारा नाच असो की हलका, एकसाथ असण्याचा परिणाम वेगळा दिसला. म्हणजे घोळक्यात जी मजा येते ती खरीच असते, पण मेखही तिथेच आहे. दुखणं तेव्हा दबतं आणि सकाळी हिशोब मागतं. म्हणून घोळक्यात खेळताना ‘दुखेपर्यंत’ हे माप चालत नाही, घड्याळ लावावं. वीस मिनिटं झाली की बसायचं, मैत्रिणी कितीही ओढोत.

गोळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी नाचायला लागलो म्हणून कुणीही बंद करू नये. पण ‘ठुमके नाहीत’ हे पूर्ण बरोबर नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२४ साली नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या २१८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात नाचाचा परिणाम चालण्यापेक्षा आणि योगापेक्षाही मोठा दिसला. आता यावर लगेच उड्या मारायच्या नाहीत, कारण नाचावरचे अभ्यास त्यात अवघे पाच होते आणि नाचणारी माणसं शंभराच्या आसपास. एवढ्यावर नाच हे औषध आहे असं म्हणता येत नाही. औषधाच्या जोडीला करून बघण्यासारखी गोष्ट आहे, एवढं म्हणता येतं.

आता डीजे. तिथे माणूस स्वतःला विसरायला जातो, आणि त्यातही वाईट काही नाही (कानांचं सोडून, ९० डेसिबलचा आवाज आठवड्याला चार तासांवर गेला की कानांना धोका असतो, आणि स्पीकरच्या भिंतींचे आवाज त्याच्या कितीतरी वर जातात). पण विसरणं वेगळं आणि लक्ष ठिकाणावर असणं वेगळं. लक्ष ठिकाणावर ठेवायला कथकचा तत्कार घ्या, म्हणजे तालाचे बोल तळव्यांनी जमिनीवर वाजवणं. कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर दिसतो तो वेगाचा नाही, पहिल्या महिन्यात शिकवतात तो.

तीनताल, सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके. बोल: ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, आणि पुन्हा तेच. पहिल्या चार मात्रांना उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांना डावा, उजवा, डावा, उजवा. नीट बघा: चौथी मात्रा डाव्यावर पडते आणि पाचवीही डाव्यावरच. तसंच आठवी उजव्यावर आणि नववीही उजव्यावर. पायांना आलटूनपालटून पडायची सवय असते, त्यामुळे मन जरा भाजीत किंवा ईएमआयमध्ये गेलं की पाचव्या मात्रेला हटकून उजवा पाय पडतो. लक्ष सुटलं हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवताना मन कधी निसटलं हे पाच-पाच मिनिटं कळत नाही. इथे चार सेकंदांत कळतं. चुकलं की थांबायचं आणि पुन्हा समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून.

मिनिटाला साठ मात्रांची लय ठेवा. म्हणजे एक आवर्तन सोळा सेकंदांचं. दहा आवर्तनं पावणेतीन मिनिटांच्या आत होतात, सुरुवातीला तेवढी पुरेत. गुडघे ताठ लॉक करायचे नाहीत, किंचित सैल. तळवा सपाट पडला पाहिजे, आणि जमिनीपासून चार बोटांहून वर उचलायचा नाही. नवखे चौथ्या मात्रेला सगळं वजन डाव्या पायावर टाकतात, मग तोच पाय पाचवीला उचलणार कसा? वजन मध्ये ठेवा, पाय फक्त वाजवा. आपटलात तर शहाबादीवर आठवड्याभरात टाच बोलायला लागेल. थंडीत, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की, आधी दहा मिनिटं घरातल्या घरात चाला आणि घोटे फिरवून घ्या.

पंधरा-वीस दिवसांत पाय आपोआप पडायला लागतात, आणि मग पंचाईत होते: पाय बरोबर आणि मन बाजारात. तेव्हा हाताने ताल धरा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. पुन्हा चुकायला लागाल, आणि तेच हवंय.

आईंचे गुडघे अजून दुखत असतील तर हाच तत्कार खुर्चीत बसून करता येतो. लक्षाचं काम तेवढंच होतं. गुडघ्याला सूज असेल किंवा तो मध्येच अडकत असेल तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. चक्कर येत असेल तर गिरक्या बंद. आणि घाबरल्यासारखं होण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी जलद नाचाने सुरुवात करू नये. धडधडणारी छाती त्यांना त्या घाबरण्याच्या झटक्यासारखीच वाटू शकते. सावकाश, डोळे उघडे ठेवून.

राहता राहिले घुंगरू. आत्ता नकोत. एकेका पायाला शंभर घुंगरू म्हणजे घोट्यावर चांगलंच वजन. शिवाय त्यांच्या छुमछुमीत तळव्याचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि डावा-उजवा सारखा वाजतोय की एक पाय दबतोय हे त्या आवाजावरूनच कळतं. पुष्कळदा डावा दबतो. आईंना एकदा बसून दहा आवर्तनं करायला सांगा, तुम्ही पाठमोऱ्या बसून नुसतं ऐका.