‘जरासं रुंदीकरण’ आणि न मोजलेल्या गोष्टी

रस्ता रुंदीकरणाची बातमी आली की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. गाव बदलतं, रस्ता बदलतो, मुद्दे तेच राहतात. रस्ता जुनाच आहे, जरासा रुंद होतोय. एका झाडामागे दहा लावणार आहेत. त्या पट्ट्यात जंगली जनावरं नाहीतच. सगळ्या परवानग्या घेतल्यात. प्राण्यांसाठी अंडरपास देणार आहेत. आणि झाडांपेक्षा माणसांचे जीव मोठे. या शेवटच्या मुद्द्यात दम आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

‘रस्ता जुनाच आहे.’ आहे ना. पण दुपदरी रस्त्याचा डांबरी पट्टा साधारण 7 मीटरचा असतो. चौपदरीकरणात तसे दोन पट्टे येतात, मध्ये दुभाजक, कडेला साइडपट्ट्या आणि गटारं. जुन्या रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत मिसळलेल्या असतात. घाटमाथ्यावरचा शेकरू, आपला राज्यप्राणी, जमिनीवर क्वचित उतरतो. तो या फांद्यांवरूनच पलीकडे जातो. हे छत तुटलं की शेकरूपुरता रस्ता बंद. तोडायच्या झाडांच्या यादीत फक्त खोडं मोजलेली असतात. वरच्या फांद्या कुठे जुळतात याची नोंद तिथे सापडत नाही.

‘एकाला दहा.’ हा सगळ्यात लाडका हिशेब. मुळात कायद्याचं गणितही ‘एकाला दहा’ असं नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी क्षेत्र वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हा वारसा वृक्ष ठरतो आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावावी लागतात. म्हणजे 80 वर्षांच्या वडाला 80. अडचण अशी की हा कायदा शहरी हद्दीपुरता, आणि वडांच्या जुन्या रांगा बहुतेक हद्दीबाहेर. वाई-सुरूर रस्त्याचे वड डोळ्यांसमोर आणा.

पण समजा, 80 लावली आणि सगळी जगली. धनेश पक्ष्याचं काय? त्याला घरट्यासाठी ढोली कोरता येत नाही, जुन्या झाडाला आपोआप पडलेली ढोली शोधावी लागते. मादी आत बसते, दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून वड-उंबराची फळं भरवतो. पिंगळ्यालाही अशीच ढोली लागते. ती पडायला खोड जाड व्हावं लागतं, एखादी मोठी फांदी मोडून आत कुजावी लागते, आणि यात दशकं जातात. 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा 1 टक्का झाडांसाठी ठेवलाय, चांगलंच आहे. पण महामार्गाच्या दुभाजकात डोळ्यांना दिसते ती कण्हेर आणि बोगनवेल. तिथे धनेश काय करणार?

पैशातच बोलायचं तर तसंही बोलू, मला ते फारसं आवडत नसलं तरी. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी 356 झाडं तोडायची होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2021 साली एका झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये धरलं. रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात झाडाची किंमत म्हणून कुठला आकडा लिहिलाय, तो याच्या शेजारी ठेवून पाहावा.

‘जनावरं नाहीतच.’ कुणी पाहिली नाहीत, असं म्हणा. आपण दिवसा जातो, ती रात्री ओलांडतात. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारने वाघाला उडवलं, त्याचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. नवेगाव आणि नागझिरा या दोन संरक्षित जंगलांच्या मधल्या पट्ट्यात वाघ दिसत नसतील, पण असतात. लहान जीवांची गत आणखी वाईट. पर्यावरण आघात अभ्यासाची मूळ माहिती बहुतेकदा एकाच हंगामात गोळा होते आणि त्यातून पावसाळा वगळतात. आंबोलीचा भेक, म्हणजे एक प्रकारचा बेडूक, जगात फक्त आंबोली परिसरात सापडतो, आणि तो बाहेर पडतो पावसाळ्यात! मार्च महिन्यात तिथे जाऊन ‘उभयचर आढळले नाहीत’ असं लिहिणं अगदी सोपं आहे.

‘परवानग्या घेतल्यात.’ राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला आधी पर्यावरण मंजुरी कधी लागते, तर लांबी 100 किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि जुन्या मार्गावर 40 मीटरपेक्षा जास्त, वळणमार्गावर 60 मीटरपेक्षा जास्त रुंदीची ज्यादा जमीन लागत असेल तेव्हा. 2013 च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. त्याखालच्या कामांत ‘परवानगी आहे’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं: ही परवानगी मिळाली, की लागलीच नाही? वनजमीन आणि अभयारण्याची मंजुरी वेगळी, ती कागदावर मागता येते.

‘अंडरपास देणार.’ इथे चांगलं उदाहरण आपल्याच घरात आहे. नागपूर-सिवनी महामार्ग, आताचा 44 क्रमांकाचा, पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, भारतीय वन्यजीव संस्थेने उपाय सुचवले आणि महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांना ओलांडायला 9 जागा बांधल्या गेल्या. सर्वात लांब जागा 750 मीटरची. खरं तर तो पूलच आहे, वर गाड्या, खाली जंगल. मार्च ते डिसेंबर 2019 या काळात तिथल्या कॅमेऱ्यांनी 18 जातींच्या वन्यप्राण्यांची 5,450 छायाचित्रं टिपली, त्यांत 11 वेगवेगळे वाघ. म्हणजे उपाय चालतो. पण तुमच्या रस्त्याच्या आराखड्यात ‘अंडरपास’ म्हणून जे दाखवलंय ती पावसाचं पाणी जाणारी पाइपाची मोरी असेल, तर पेंचचं नाव घेऊ नका. प्राणी कुठून ओलांडतात हे आधी शोधायचं आणि मग तिथे पूल टाकायचा, असा तो क्रम आहे.

आता माणसांचे जीव. अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका होतात, डांबराला चिकटून असलेल्या खोडावर दुचाकी आदळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही झाडं काढावी लागतील. पण सगळी रांग का? वडांची एक ओळ दुभाजकात घेऊन नवा पट्टा तिच्या पलीकडून नेता येतो, जमीन एकाच बाजूची घ्यावी लागते एवढंच. वस्तीपाशी वळणमार्ग काढता येतो. जंगलातल्या तुकड्यात वेग बांधता येतो. कर्नाटकातल्या बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर तर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 सर्वसाधारण वाहतूक बंद आहे. तेव्हा हरकत नोंदवताना ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहू नका. प्रत्येक झाडाची जात, घेर आणि ढोली लिहिलेली यादी मागा. पावसाळ्यासह वर्षभराची वन्यजीव पाहणी मागा. शिवाय दुसऱ्या कोणत्या आखणीचा विचार झाला आणि ती कोणत्या कारणाने नाकारली, हेही लेखी मागा.