हो बाजूला, मीच करते

मुलांना घरकामाला लावायचं ठरवलंयत? उत्तम. डोकंही शांत ठेवायचंय? त्याहून उत्तम. फक्त मुहूर्त नीट निवडा. रविवारची मोकळी दुपार नको. तेव्हा कुणालाच घाई नसते, आणि घाई नसेल तर तुमच्या संयमाचा कस लागणार कसा? पाहुणे साडेसहाला यायचे असतील तर सव्वासहाला मुलाच्या हातात फडकं द्या.

काम सांगताना ते कसं करायचं हे चुकूनही सांगू नका. ‘खोली आवर’ एवढंच पुरे. खोली आवरणं म्हणजे नेमकं काय, ते मराठी मुलाला उपजतच कळतं. पाच मिनिटांत त्याने गाड्या, मोजे, कंपासपेटी आणि अर्धा खाल्लेला चिकू पलंगाखाली सारून खोली चकाचक केली, की हळूच वाकून पलंगाखाली बघा आणि विचारा, ‘याला आवरणं म्हणतात?’ त्याला खरंच वाटत होतं की म्हणतात. उत्तराची वाट बघू नका.

आता दिवाळीचं बोलू, कारण संयमाची वार्षिक परीक्षा करंज्यांच्या वेळी असते. सात-आठ वर्षांचं मूल ओट्याशी येऊन म्हणतं, ‘मी पण करू?’ तुम्ही नुकताच एक लेख वाचलेला असतो, त्यामुळे मोठ्या मनाने म्हणता, ‘ये.’ पुरी लाटलेली तयार असते. सारण एक चमचा भरायचं, कडेला दुधाचं बोट फिरवायचं, दुमडून दाबायचं आणि कातण फिरवायचं, एवढंच काम. मूल दोन चमचे भरतं, कारण सारण त्याला आवडतं. दूध कडेला कमी आणि कोपरापर्यंत जास्त लागतं. कातण मात्र ते इतकं मन लावून फिरवतं की करंजीचा त्रिकोण होतो. जीभ बाहेर, भुवया वर, श्वास रोखलेला. मग ती वस्तू दोन्ही हातांवर घेऊन तुमच्यापुढे धरतं.

इथे संयम हवा! ओरडायचं नाही. गोड हसून ‘वा, छान!’ म्हणायचं, करंजी हातातून घ्यायची आणि त्याच्यादेखत उलगडून पुन्हा नीट करायची. तुमचं बरोबरच आहे. कड सुटलेली करंजी तळणीत फुटते, सारण तुपात उतरून जळतं आणि पुढच्या घाण्यातल्या प्रत्येक करंजीला काळे ठिपके चिकटतात. ती करंजी शेवटच्या घाण्यासाठी बाजूला ठेवता आली असती, असं कुणी सुचवेल. दुर्लक्ष करा. शेजारच्या काकूंच्या ताटात ती गेली असती तर? मुलाला पिठाचा एक गोळा द्या आणि म्हणा, ‘याचा साप कर.’ संध्याकाळपर्यंत साप काळा पडतो, मूल टीव्हीपुढे जातं, आणि ‘एकटीने सगळा फराळ केला’ हे वाक्य म्हणायला तुम्ही मोकळ्या.

पोराला कामाची सवय लागणार कशी, ही काळजी नको. त्यासाठी आपण शाळेला फी भरतो. मारिया माँटेसरी बाईंनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं आणि पाणी ओतणं, झाडणं, टेबल पुसणं, बटणं लावणं यांचाच अभ्यास करून टाकला. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तर 1945 साली बोर्डी या खेड्यात गेल्या आणि गावात मिळतील त्या वस्तूंवर बालशिक्षण उभं करून दाखवलं. आता तुमच्या बालवाडीत बाळ एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओततं, त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर येतो आणि तुम्ही त्याला बदाम पाठवता. तेच बाळ घरी तांब्या उचलायला गेलं की तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडता, ‘अरे सांडशील!’ शाळेत सांडलं तर ते शिक्षण असतं. घरी सांडलं तर लादी आपल्याला पुसावी लागते. (ती त्यालाच पुसू द्यावी असं माँटेसरी बाईंचं मत होतं. पण त्यांनी तुमची लादी पाहिली नव्हती.)

बक्षिसाचा मार्गही आहे. ताट उचललं की पाच रुपये, अंथरूण घातलं की दहा. महिन्याभरात पोरगं प्यायला पाणी आणतानाही भाव विचारतं आणि तुम्ही कौतुकाने सांगता, ‘हिशेबाला पक्का आहे हो.’

घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर कौतुकाची वाटणी नीट करा. मुलीने भाजी निवडली, ताटं घेतली, वाळलेले कपडे आणून घड्या घातल्या, तर गप्प राहा. बोललात तर शेफारेल. मुलाने स्वतःचं ताट उचलून सिंकपर्यंत नेलं, सिंकमध्ये ठेवलं नाही तरी चालेल, तर लगेच आजीला फोन लावा. आजी गहिवरेल. मग म्हणेल, ‘अगं, पण त्याला कशाला लावतेस?’

ही परंपरा वाऱ्यावरची नाही, तिला सरकारी आकड्यांचा आधार आहे. वेळ कसा खर्च होतो याचं देशभराचं सर्वेक्षण 2019 मध्ये झालं. त्यात सहा वर्षांपुढच्या मुलग्या-पुरुषांपैकी दिवसभरात घरकामाला हात लावणारे निघाले 26.1 टक्के, मुली-बायकांत 81.2 टक्के. जे काम करतात त्यांचं बघितलं तर बायकांची रोजची 299 मिनिटं, पुरुषांची 97. पुन्हा 2024 ला मोजलं तेव्हा बायकांची 289 वर आली. म्हणजे पुरुषांची वाढली असतील ना? छे. तीही उतरली, 88 वर. घरकामाला हातच न लावणारे ते तीन-चतुर्थांश पुरुष काही आभाळातून पडलेले नाहीत. त्यांच्याही हातातून कुणीतरी प्रेमाने करंजी काढून घेतली असणार. आज त्यातलेच कुणी तुमच्या सोफ्यावर बसून विचारतात, ‘साखरेचा डबा कुठला गं?’ डबा बारा वर्षं त्याच फळीवर आहे. त्यांच्यावर चिडू नका. उठा, डबा काढून द्या. कुणीतरी चार वर्षांचं शेजारी बसून हे सगळं बघत असतं, त्याचंही शिक्षण होतं.

मूल तेरा-चौदाचं झालं की ओट्याकडे फिरकायचं आपोआप थांबतं. ‘मी पण करू?’ विचारणं नाही, दूध सांडणं नाही. आता तुमचा संयम पूर्ण सिद्ध झाला. फक्त एक वाक्य तोंडपाठ करून ठेवा आणि पाहुण्यांसमोर निःश्वास टाकून म्हणा, ‘आजकालच्या मुलांना ना, काडीची सवय नाही कामाची.’ म्हणताना मूल ऐकू जाईल इतक्या अंतरावर असावं, आणि त्याचं खरकटं ताट तुमच्या हातात.