शाळा निवडणाऱ्या आईला दोष देऊ नका

मराठी शाळांचा पट घसरल्याची बातमी आली की दोषी कोण हे आधीच ठरलेलं असतं: पालक. ‘इंग्रजीच्या मागे धावणारे पालक’ हे शब्द मी म्युनिकमध्ये राहून दर जूनला मराठी वृत्तपत्रांत वाचते. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून रान पेटलं. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनची सुधारणा, २९ जूनला दोन्ही रद्द आणि मग डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं. पण त्या गदारोळातही ‘आधी स्वतःची मुलं मराठी शाळेत घाला, मग बोला’ हा टोमणा काही थांबला नाही. हा टोमणा चुकीच्या माणसाला बसतो, असं मला वाटतं. आईबाप शाळा कशी निवडतात हे इथे जर्मनीत फार उघड दिसतं, म्हणून हे लिहितेय.

बव्हेरिया राज्यात मूल चौथीत गेलं की घराघरांत आपल्याकडच्या दहावीसारखं वातावरण असतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे सर्वांत चांगला आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापुढे मिटेलशूल, म्हणजे लवकर कामधंद्याकडे नेणारी शाळा. मे महिन्याच्या सुरुवातीला दाखला हातात पडतो. तेव्हा मूल असतं जेमतेम दहा वर्षांचं. हा दाखला मनासारखा नसेल तर वेगळी चाचणी देता येते, पुढे शाखा बदलण्याचे रस्तेही आहेत. तरी चौथीच्या त्या वर्षात आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर गणिताच्या शिकवणीचे नंबर फिरत असतात आणि मुलांचं फुटबॉल बंद झालेलं असतं.

वरवर पाहता सगळा निवाडा गुणांचा. पण आमच्याच इमारतीतल्या एका तुर्की कुटुंबातल्या मुलाला बरोबर २.३३ मिळाले. दार उघडं होतं. बापाने त्याला रेआलशूलला घातलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘सहावीत लॅटिन नाहीतर फ्रेंच सुरू होईल. घरात त्याला शिकवणार कोण? तिथे मागे पडला तर दोन वर्षांनी परत खाली यावं लागेल, तो मोडून जाईल. इथे तो टिकेल.’ त्याच मजल्यावरच्या डॉक्टर दांपत्याच्या मुलीला २.६६ होते. तिच्यासाठी महिनाभर शिकवणी लावली, तीन दिवसांच्या चाचणीला बसवलं आणि गिम्नाझियममध्ये पाठवलं. ती पुढे अडखळली तर शिकवणीला पैसे होते, समजावून सांगायला आईवडील होते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमाँ बुदाँ याने १९७०च्या दशकात नेमकं हेच मांडलं. घरच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांवर परिणाम होतो, हे सगळेच जाणतात. पण गुण सारखे असले तरी घरागणिक निर्णय वेगळे होतात, कारण फसलो तर किती नुकसान होईल याचा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा असतो. गरीब बाप महत्त्वाकांक्षेत कमी पडत नाही. तो जोखीम मोजतो, आणि बरोबर मोजतो.

जर्मनीला याचा धक्का डिसेंबर २००१ मध्ये बसला. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचा पहिला निकाल आला आणि घरची परिस्थिती व मुलाची कामगिरी यांचा संबंध जिथे सर्वांत घट्ट आहे अशा देशांत जर्मनी निघाला. मग हँबुर्ग या शहर-राज्याने ठरवलं की मुलांना चौथीऐवजी सहावीपर्यंत एकत्र शिकवायचं. तिथल्या विधानसभेतल्या सगळ्या पक्षांचा पाठिंबा होता. १८ जुलै २०१० रोजी सार्वमत झालं आणि तो बदल पडला. सुखवस्तू वस्त्यांतून मतदान भरघोस झालं, गरीब वस्त्यांतून कमी. ज्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना या बदलाचा सर्वाधिक फायदा होता, त्यांतल्या जर्मन नागरिकत्व नसलेल्या पालकांना तर मतच नव्हतं. ज्यांच्या मुलांच्या जागा पक्क्या होत्या त्यांनी त्या राखल्या. हे वाचलं की मला आपलीच आठवण होते.

माझी मामेबहीण सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. घरापासून पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, सेमी इंग्रजी आहे, बाई मनापासून शिकवतात, हे तीच सांगते. तरी मुलीला सकाळी सातला पिवळ्या व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी शाळेत पाठवते. फी भरताना दमछाक होते. फोनवर मला म्हणाली, ‘ताई, आमच्या गल्लीतल्या शिक्षकांची, तलाठ्यांची, डॉक्टरांची पोरं सगळी त्या व्हॅनमध्ये असतात. मी एकटीनं पोरीला इथं घातलं आणि उद्या दोन्ही बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या, तर आवाज कोण उठवणार? आणि मोठी होऊन तिनं विचारलं, आई, मलाच का मराठीत घातलंस, तर काय सांगू?’

यात भाषेचा तिटकारा कुठे आहे? २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. इंग्रजी विषय मिळावा एवढंच कारण असतं तर पालक तेव्हाच थांबले असते. पालक पाहतात ते शाळेत कोणाची मुलं आहेत ते. ज्या शाळेतून वजनदार माणसांची मुलं निघून गेली, तिची गळकी कौलं कोणी मोजत नाही.

जर्मनीचं दहाव्या वर्षी चाळण लावणं मला क्रूर वाटतं आणि ते आपल्याकडे कधीही येऊ नये. पण त्याआधीची चार वर्षं मात्र मला हेवा वाटावा अशी आहेत. १९२०च्या कायद्याने सगळ्या मुलांसाठी एकच प्राथमिक शाळा ठरली. आज बव्हेरियात पत्ता जिथला, सरकारी प्राथमिक शाळा तिथली. खासगी शाळा आहेत, पण थोड्या. तुर्की कुटुंबातला तो मुलगा आणि डॉक्टरांची ती मुलगी चार वर्षं एकाच वर्गात होती, पायी एकत्र जात होती. वर्गाला शिक्षक नसेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मुख्याध्यापकांच्या दारात असत. त्याचा फायदा आपोआप त्या मुलालाही होई.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात समान शाळा पद्धती आणि शेजारशाळा, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या मुलांनी जवळच्या एकाच शाळेत जाणं, सुचवली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो हे ठणकावून सांगितलं होतं. एवढा वारसा असताना आपण वाद घालतो तो आईने कोणती व्हॅन निवडली यावर.

आपल्याकडे मुलं एकत्र बसवण्याची जी एक कायदेशीर सोय उरली आहे, ती म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांमधल्या गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने तीही कापली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. हिंदीच्या वादाला जेवढं वर्तमानपत्र मिळालं त्याच्या पावपटही या लढाईला मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गरिबाच्या मुलाला कोणाशेजारी बसता येईल हा प्रश्न तिथे होता.

म्हणून मराठी शाळांसाठी तळमळणाऱ्या मित्रांकडे माझं मागणं वेगळं आहे. पालकांना शपथा घालू नका. सरकारी पगार घेणाऱ्या कुटुंबांनी आपली मुलं जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत घालावीत यासाठी आग्रह धरा, कारण दहा घरांनी एकत्र ठरवलं तर कोणालाही एकटीने जोखीम घ्यावी लागत नाही. वीसपेक्षा कमी पटाची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव आला की पट का घटला याचा जाब ग्रामसभेत विचारा. २५ टक्के जागांच्या फीची सरकारकडून होणारी प्रतिपूर्ती शाळांना वेळेवर मिळते का, हे दर वर्षी आमदारांना विचारा. आणि शिक्षकांकडची सर्वेक्षणं, याद्या, निवडणुकीची कामं काढून घेऊन ती दुसऱ्या कोणाकडे देता येतील का, यावर एकदा विधिमंडळात तेवढ्याच त्वेषाने भांडण होऊ द्या, जेवढं २०२५च्या जूनमध्ये हिंदीवरून झालं.