पुरात ‘एएम लावा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींत एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: एसएसबीत (सिंगल साइडबँड, रेडिओवर आवाज पाठवायची एक पद्धत) आवाजाची एक बाजू कापतात, त्यामुळे अर्धं बोलणं हरवतं आणि अर्धी ताकद वाया जाते, म्हणूनच बदकासारखा आवाज येतो. एएममध्ये (अँप्लिट्यूड मॉड्युलेशन, दुसरी पद्धत) सगळी ताकद आवाजाला मिळते आणि साध्या रेडिओवरही ऐकू येतं, तेव्हा पुरात एएमच लावा. नुकतं लायसन्स मिळालेली मुलं हे खरं मानतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी ‘अर्धं बोलणं हरवतं’ हे घ्या. समजा कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, 7100 किलोहर्ट्झवर आहे आणि माईकसमोर कुणी 1 किलोहर्ट्झची शिट्टी वाजवली. एएममध्ये हवेत तीन गोष्टी जातात: 7100 चा कॅरियर, 7101 वर वरचा साइडबँड (कॅरियरच्या बाजूचा, आवाज असलेला पट्टा) आणि 7099 वर खालचा. वरच्यात जी शिट्टी, तीच खालच्यात. बोलण्याचंही तेच, एक साइडबँड दुसऱ्याचं आरशातलं रूप असतो. एसएसबीत यातला एक काढला तरी एक अक्षरसुद्धा कमी होत नाही.

आता ताकद. इथे मेसेजने गोष्ट पार उलटी करून टाकली आहे. कॅरियरमध्ये बोलणं नसतंच, तो नुसता वाहक. शंभर टक्के मॉड्युलेशन (कॅरियरवर आवाज चढवणं) असलं आणि सूर एकच असला तरी एएमच्या एकूण ताकदीतले दोन तृतीयांश कॅरियर खातो आणि प्रत्येक साइडबँडच्या वाट्याला एक षष्ठांश येतो. आपला नेहमीचा 100 वॅटचा रिग (रेडिओ संच) एएमवर टाकला तर कॅरियर 25 वॅटवर ठेवावा लागतो, कारण मॉड्युलेशनच्या शिखरावर ताकद चौपट होते. म्हणजे दोन्ही साइडबँड मिळून साडेबारा वॅट. तोच रिग एसएसबीवर शिखराला पूर्ण 100 वॅट एकाच साइडबँडमध्ये देतो. आठपट, म्हणजे 9 डेसिबल. कुणी म्हणेल, एएमचे दोन्ही साइडबँड रिसीव्हरमध्ये एकत्र जुळतात, त्याचा फायदा धरा की. धरला. पण रिसीव्हरही दुप्पट रुंद उघडावा लागतो आणि गोंगाट दुप्पट आत येतो. हिशेब बरोबरीत सुटतो, 9 डेसिबल जागच्या जागी राहतात. वळवाच्या विजांचा कडकडाट बँडवर चालू असतो, तेव्हा हा फरक म्हणजे गावाचं नाव कळणं आणि न कळणं.

कापलेली बाजू वाया जाते म्हणावं, तर ती कापतात ती सुरुवातीलाच, सिग्नल अगदी नाजूक असताना, फिल्टरमध्ये. शेवटच्या अँप्लिफायरपर्यंत ती पोचतच नाही, मग वाया काय जाणार?

खात्री करायची असेल तर बॅटरीच्या वायरीत अँपिअर मीटर लावून बघा. एएमवर पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की काटा वर चढतो आणि तुम्ही गप्प असलात तरी तिथेच ठाण मांडतो. एसएसबीत काटा शब्दाबरोबर उसळतो आणि श्वास घ्यायला थांबलात की खाली येतो. ऑगस्ट 2019 च्या पुराचा धडा आपल्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. लाइट गेलेल्या घरात ट्रॅक्टरची बॅटरी हीच काय ती पुंजी असते.

बदकाच्या आवाजाचं कारण ट्यूनिंग. एसएसबीत कॅरियर पाठवत नाहीत, तो रिसीव्हरमध्ये बीएफओ नावाचं सर्किट पुरवतं. डायल 100 हर्ट्झने चुकला तर आवाजातले 200, 400, 600 हे सूर 300, 500, 700 होतात. त्यांचं आपसातलं प्रमाण मोडतं, कानाला तेच खटकतं. क्लॅरिफायर (बारीक ट्यूनिंगचं बटण) हळूहळू फिरवा, एका जागी माणूस ओळखीच्या आवाजात बोलायला लागतो. हात बसायला दोन संध्याकाळी पुरतात.

मेसेजमध्ये एसएसबीला ‘अलीकडचं फॅड’ही म्हटलंय. अमेरिकन इंजिनिअर जॉन कार्सन यांनी त्याच्या पेटंटसाठी 1915 मध्ये अर्ज केला होता आणि 1927 मध्ये न्यूयॉर्क-लंडन रेडिओ टेलिफोन याच पद्धतीवर सुरू झाला.

साध्या रेडिओवर एएम ऐकू येतं, हे मात्र खरं. शॉर्टवेव्ह असलेला जुना संच 7 मेगाहर्ट्झ पकडू शकतो. पण आज घरात असे संच उरलेत किती? आणि हॅमला जनतेसाठी प्रसारण करायची परवानगीच नाही. ते काम आकाशवाणीचं. एएमचा आवाज भरदार असतो, तो मलाही आवडतो. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरणारी विमानंसुद्धा व्हीएचएफवर एएमच वापरतात, कारण दोघे एकदम बोलले तर शिट्टी ऐकू येते आणि दुसरं कुणीतरी बोलतंय हे कळतं. तिथे ते योग्यच आहे. पण विमान उंचावर असतं, समोर दिसतं. कणकुंबी, जांबोटीच्या डोंगराआड बसलेल्याचं तसं नसतं.

त्याने अँटेना म्हणून 20 मीटरची तार मधोमध केबल जोडून पाच-सहा मीटर उंचीवर ताणावी. सिग्नल सरळ वर जाऊन डोंगरापलीकडे उतरतो. मग दिवसा 7 मेगाहर्ट्झवर एलएसबी (एसएसबीतला खालचा साइडबँड) लावायचं, माईक गेन (माईक आवाज किती उचलतो ते) बेताचा ठेवायचा आणि आधी दोन मिनिटं ऐकायचं. 7000 ते 7200 किलोहर्ट्झ एवढाच आपला बँड आहे. एएमचं एक स्टेशन 6 किलोहर्ट्झ अडवतं, तेवढ्यात एसएसबीची दोन बसतात, आणि पुराच्या दिवशी त्या दुसऱ्या जागेवर कुणीतरी होडी मागत असतं.