बाटलीतलं पाणी कुठलं?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत टँकर आला की ग्रुपवर महाभारत सुरू. पाणी कुठलं, टीडीएस किती, टाकी शेवटची कधी धुतली. हीच आम्ही माणसं आईबापाला हॉस्पिटलात ॲडमिट केल्यावर पाण्याबद्दल एवढंच विचारतो, "बिसलेरी खालून आणू का?"

गेल्या पावसाळ्यात बाबा न्यूमोनियाने ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात होते. (नाव सांगणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.) उशाशी भिंतीवर ऑक्सिजनचा फ्लोमीटर, त्याखाली बुडबुडणारी बाटली, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणारा ह्युमिडिफायर. दुसऱ्या रात्री तिच्यातलं पाणी संपत आलं. मावशींनी ती फिरवून काढली, बेसिनच्या नळाखाली धरली, रेघेपर्यंत भरली आणि परत लावली. आतून तळाला शेवाळी थर धरलेला, तो तसाच. मी विचारलं तर म्हणाल्या, "दादा, स्टराइल वॉटर स्टोअरमधून येतं. रात्री स्टोअरला कुलूप."

आता मावशींवर काय ओरडणार? त्या कुलपाची किल्ली काही त्यांच्या कमरेला नव्हती.

नळाचं पाणी पिण्याजोगं असेलही. पण पोटात आम्ल असतं, फुफ्फुसाला ती सोय नाही. स्युडोमोनाससारखे जंतू ओल्या जागी चिकट थर करून राहतात, त्या थराखाली क्लोरीन नीट पोचत नाही. २०१२ साली बेलफास्टमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात याच जंतूने बाळं दगावली. जंतू सापडले नळांत.

त्याहून चक्रावणारी गोष्ट हार्टच्या ऑपरेशनमधली. बायपास मशीनवरच्या (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं मशीन) पेशंटचं रक्त गार-गरम ठेवायला हीटर-कूलर नावाचं यंत्र असतं. त्यातलं पाणी रक्ताला शिवतसुद्धा नाही. तरी टाकीतले बारीक तुषार यंत्राच्या पंख्याच्या हवेबरोबर बाहेर पडले आणि उघड्या छातीपर्यंत गेले. मायकोबॅक्टेरियम किमेरा नावाचा जंतू, क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद. ताप, वजन उतरणं, थकवा सुरू व्हायचा तो कित्येक महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. तोवर ऑपरेशनशी संबंध कोण जोडणार? युरोप-अमेरिकेतल्या पेशंटांमधल्या जंतूंची जनुकं जुळवली, तर माग निघाला थेट जर्मनीतल्या कारखान्यापर्यंत. म्हणजे कोरं यंत्रच जंतू घेऊन आलेलं असू शकतं.

म्हणून मला वाटतं, हॉस्पिटलच्या लॉबीत फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटांपेक्षा वॉर्डातलं एक रजिस्टर महत्त्वाचं: बाटली कधी बदलली, कुठलं पाणी भरलं, सही कोणाची. आपण नातेवाइकांनी ते मागायला लाजायचं कशाला? टँकरवाल्याला सोडतो का आपण?

त्या रात्री मी खालच्या मेडिकलमधून स्टराइल वॉटर आणलं, सिस्टरकडून नवी बाटली मागून घेतली. सकाळी राउंडला डॉक्टर आले. बाबा मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर होते. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या कमी फ्लोला ह्युमिडिफायर लागतच नाही, काढा तो."

डिस्चार्जच्या बिलात ह्युमिडिफायर पाच दिवसांचा लावला होता.